कंपवाताचं ऑपरेशन आणि नंतरचा माणूस

सावेडीत आपल्या घरी कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सन्सचा रुग्ण असेल, तर ‘डीबीएस’ हे नाव आपण ऐकलं असेल. मेंदूत खोलवर बारीक तार बसवून तिच्यातून सौम्य विद्युतप्रवाह सोडायचा, असं हे ऑपरेशन. मुंबईत जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस ते सुरू केलं. आता पुण्यातही होतं.

आधी रुग्णाची निवड. कंपवातावरच्या लेव्होडोपाच्या गोळीने जी लक्षणं कमी होतात, साधारण तीच यानेही कमी होतात. तोल, अस्पष्ट बोलणं, विसराळूपणा यांत सुधारणेची आशा धरू नये. बहुतेक निराशा इथूनच सुरू होते. पूर्वी नैराश्य आलं असेल किंवा जुगाराची ओढ असेल, तर संकोच न करता सांगावं.

ऑपरेशनच्या वेळी रुग्णाला बऱ्याचदा जागं ठेवतात. तार योग्य जागी पोचली का, हे त्याच्या हाताच्या हालचालीवरून कळतं. प्रवाह सोडणारं यंत्र, म्हणजे बॅटरी, छातीवर कातडीखाली बसते.

नंतर काही दिवस यंत्र बंद असूनही बरं वाटतं. तो तार घालताना आलेल्या सुजेचा परिणाम. तो ओसरला की घरचे घाबरतात, पण ऑपरेशन फसलेलं नसतं.

काही आठवड्यांनी यंत्र सुरू होतं. प्रवाह आणि गोळ्या यांचा मेळ बसायला कित्येक महिने लागतात. पुण्याच्या फेऱ्या गृहीत धराव्यात.

खरी कसोटी यानंतर. तार जिथे असते ते केंद्र वाटाण्याहून लहान, आणि हालचालीच्या वाटांच्या शेजारूनच भावनांच्या वाटा जातात. प्रवाह तिकडे पसरला तर माणूस अतिउत्साही, चिडका, उधळा होऊ शकतो. गोळ्या घाईने कमी केल्या तर उदास, निरिच्छ. पॅरिसच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये २९ रुग्णांचा अभ्यास मांडला. शरीर सुधारलं होतं, तरी अनेकांना स्वतःचीच ओळख पटत नव्हती, संसारात खटके उडत होते. मला यात नवल वाटत नाही. वर्षानुवर्षं नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावणाऱ्या बाईला तो अचानक ‘मी लावतो’ म्हणतो, तेव्हा दोघांनाही नव्याने जागा शोधावी लागते.

म्हणून तपासणीला जोडीदाराने सोबत जावं आणि स्वभावातला बदल डॉक्टरांना स्पष्ट सांगावा. रुग्णाला तो अनेकदा जाणवतच नाही. प्रवाह कमी-जास्त करता येतो, पण त्यासाठी डॉक्टरांना कळायला हवं.

आणखी एक. गुडघा दुखला म्हणून फिजिओथेरपीला गेलात, तर यंत्र बसवल्याचं कार्ड आधी दाखवा. डायथर्मीचा, म्हणजे विद्युतलहरींचा शेक अजिबात घेऊ नये; तार तापून मेंदूला गंभीर इजा होऊ शकते.