भंगारातून पुन्हा उभे राहिलेले इंजिन



एखाद्या प्राण्याची जात संपली की ती कायमची संपते. डोडो पक्षी आता फक्त पुस्तकातल्या चित्रात दिसतो. पण यंत्राची जात नाहीशी झाली तर? ती परत आणता येते का? इंग्लंडमधल्या काही लोकांनी हा प्रश्न नुसता विचारला नाही, तर तो सोडवून दाखवला. त्याचीच ही हकिगत.

इंग्लंडमध्ये ‘ग्रेट वेस्टर्न’ नावाची रेल्वे कंपनी होती. तिचा इंजिनांचा कारखाना स्विंडन गावी होता. तेथे चर्चवर्ड नावाचे मोठे इंजिनिअर होते. त्यांच्या आराखड्यांवरून 1902 ते 1913 या काळात ‘सेंट’ जातीची 77 वाफेची इंजिने तयार झाली. सेंट म्हणजे संत. यांतल्या बऱ्याच इंजिनांना संतांची नावे होती. पुढे चार लहान चाके आणि त्यामागे सहा मोठी चाके, असा त्यांचा थाट. मोठे चाक केवढे, तर 6 फूट साडेआठ इंच उंच! आपल्या गावातला सर्वांत उंच माणूसही त्याच्याशेजारी बुटका दिसेल.

एवढे मोठे चाक कशाला, असे तुम्ही विचाराल. साधा हिशेब आहे. वाफेच्या जोराने दट्ट्या एकदा मागे-पुढे झाला की चाकाचा एक फेरा होतो. या मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात इंजिन सुमारे 21 फूट पुढे जाते. चाक 6 फुटांचे असेल तर सुमारे 19 फूटच जाते. म्हणजे मोठे चाक धावायला बरे आणि लहान चाक ओझे ओढायला बरे. सेंट इंजिने जलद प्रवासी गाड्यांसाठी होती, म्हणून त्यांची चाके मोठी.

आता गंमत ऐका. 1924 साली कॉलेट या इंजिनिअरांनी ‘सेंट मार्टिन’ नावाचे इंजिन कारखान्यात घेतले आणि त्याला 6 फुटांची लहान चाके बसवली. प्रवासी गाडी असो की मालगाडी, ते दोन्हीला चालू लागले. त्यावरूनच ‘हॉल’ ही नवी जात निघाली आणि 1928 पासून अशी अडीचशेच्या वर इंजिने तयार झाली. म्हणजे हॉल हे सेंटचेच लेकरू, बरं का!

पुढे नवी इंजिने आली आणि सेंट जुनी झाली. शेवटचे ‘सेंट डेव्हिड’ ऑक्टोबर 1953 मध्ये कामावरून काढले. सगळी सेंट तोडली गेली. 77 पैकी एकही जपून ठेवले नाही.

मग 1960 नंतर हॉल इंजिनांवरही तीच पाळी आली. वेल्समध्ये समुद्रकाठी बॅरी गावात डाय वुडहॅम नावाच्या व्यापाऱ्यांचे भंगाराचे आवार होते. त्यांनी रेल्वेची 297 इंजिने विकत घेतली. पण मालडबे तोडायला सोपे, म्हणून आधी डबे तोडले आणि इंजिने तशीच गंजत उभी राहिली. हा उशीर फार मोलाचा ठरला. त्यांतली 213 इंजिने हौशी लोकांनी विकत घेऊन वाचवली. त्यांत ‘मेंडी हॉल’ हे 1929 साली बांधलेले इंजिन होते. ‘ग्रेट वेस्टर्न सोसायटी’ने ते घेतले आणि 1974 साली डिडकॉट येथे आणले. ही सोसायटी कोणी सुरू केली ठाऊक आहे? 1961 साली चार शाळकरी मुलांनी! एक लहान इंजिन वाचवावे, एवढीच त्यांची तेव्हा इच्छा होती. ते इंजिन 1964 साली त्यांना मिळालेसुद्धा.

सोसायटीतल्या लोकांनी विचार केला. सेंटची चाके बदलून हॉल झाले, तर हॉलची चाके बदलून सेंट का होणार नाही? चर्चवर्ड यांची एक पद्धत होती. निरनिराळ्या जातींच्या इंजिनांना होता होईल तो एकाच मापाचे भाग वापरायचे. त्यामुळे सेंटला आणि हॉलला बॉयलर एकाच नमुन्याचा होता. एका सायकलचे पायडल दुसरीला बसते ना, तसेच हे.

1995 साली काम सुरू झाले. मोठी चाके नवी ओतून घ्यावी लागली. अशा चाकावर पोलादी धाव चढवतात. आपला लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतो, तशीच रीत. धाव तापवली की ती फुगते, मग ती चाकावर बसवायची. निवाली की आवळून घट्ट बसते. पण नुसती चाके बदलून भागत नाही. चाक साडेआठ इंचांनी वाढले की त्याचा आस रुळापासून सव्वाचार इंच वर जातो. मग आसाशी जोडलेल्या सगळ्या भागांची मापे पुन्हा जुळवावी लागतात. ड्रायव्हरची खोलीही जुन्या पद्धतीची करावी लागली. पैसा देणग्यांतून आला आणि पुष्कळ काम लोकांनी हौसेने, बिनपगारी केले.

अखेर 5 एप्रिल 2019 रोजी इंजिन लोकांसमोर आले. तब्बल 24 वर्षे लागली! नाव ठेवले ‘लेडी ऑफ लेजंड’, म्हणजे दंतकथेतली बाई.

कोणी म्हणेल, हे खरे सेंट नव्हेच, आणि यापायी एक हॉल मात्र गेले. दोन्ही शंका रास्त आहेत. पण हॉल जातीची इतर इंजिने जपलेली आहेत आणि सेंट तर एकही नव्हते. शिवाय त्यांनी जुन्या इंजिनाचा नंबर घेऊन कोणाला फसवले नाही. जुन्या सेंटमधला सर्वांत मोठा नंबर 2998 होता. याला दिला 2999. म्हणजे हे जुने नव्हे, त्याच कुळातले पुढचे अठ्ठ्याहत्तरावे.

आता आपल्याकडे पाहू. विहिरीवरची मोट आपल्यापैकी किती जणांनी चालताना पाहिली आहे? तिचे भाग कोणते, ते कसे जोडत, हे सांगणारे आजोबा अजून घरोघरी आहेत. सेंट परत आले, कारण तिकडे आराखडे आणि जुने भाग कोणीतरी ठेवले होते. तेव्हा माळ्यावरची जुनी वस्तू भंगारवाल्याला देण्याआधी तिचे चित्र काढा, मापे लिहा आणि वडीलधाऱ्यांना तिचे नाव विचारून घ्या. वही-पेन्सिल पुरते. पालकांनो, मुले विचारायला आली तर तुम्हीही जरा वेळ काढा.