जुन्या जीप-वर्गीय पिकअपचे पुढील पाटे : निवडीची काही तत्त्वे

मुंबईच्या उपनगरांत, विशेषतः अंधेरी-बोरिवलीच्या पट्ट्यात, चारही चाकांना इंजिनाची गती मिळणाऱ्या जुन्या मालवाहू गाड्या अद्यापि अधूनमधून दृष्टीस पडतात. त्यांपैकी पुष्कळांचे मूळ घराणे जीपचे होय. महिंद्र अँड महिंद्र कंपनीने विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकाच्या अखेरीस माझगाव येथे विलीज जीपची जोडणी आरंभिली, आणि कालांतराने कांदिवलीच्या कारखान्यातून याच घराण्यातील वाहने बाहेर पडू लागली. अमेरिकेत १९५६ च्या अखेरीस पुढे आलेली ‘फॉरवर्ड कंट्रोल १५०’ ही पिकअपही १९६५ च्या सुमारास मुंबईत तयार होऊ लागली. या गाड्यांचा पुढचा आस अखंड असून तो दोन अर्धलंबवर्तुळाकार पोलादी कमानींवर, म्हणजेच कारागिरांच्या भाषेत ‘पाट्यांवर’, तोललेला असतो.

अशा गाडीचे नाक खाली बसले की गॅरेजमध्ये सामान्यतः एकच उपाय सांगितला जातो : एक पाटा वाढवावा, किंवा जाड पाटा घालावा. हा उपाय सोपा व स्वस्त आहे. परंतु तो पुष्कळदा गाडीला पूर्वीपेक्षा अधिक धोकादायक करून सोडतो. असे का होते, याचा उलगडा कमानीच्या गणितात मिळतो.

कमानीचा ताठरपणा

पाट्यांच्या कमानीवर मधोमध भार दिला असता ती जितकी दबते, त्या प्रमाणावरून तिचा ताठरपणा ठरतो. एक मिलिमीटर दाबण्यास लागणारे बल हे त्याचे माप होय. हा ताठरपणा पाट्यांच्या संख्येच्या व रुंदीच्या सम प्रमाणात वाढतो. जाडीच्या मात्र घनाच्या प्रमाणात वाढतो, आणि लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. सर्व महत्त्व या ‘घन’ शब्दात आहे.

उदाहरणार्थ, ९०० मिलिमीटर लांब, ४५ मिलिमीटर रुंद आणि प्रत्येकी ५ मिलिमीटर जाडीच्या ८ पाट्यांची कमान घ्यावी. नेहमीच्या सूत्राने तिचा ताठरपणा प्रति मिलिमीटर सुमारे ३४ न्यूटन येतो. याच मापाचा नववा पाटा घातला तर तो साडेबारा टक्क्यांनी वाढेल. पण पाट्यांची संख्या ८ च ठेवून जाडी ५ ऐवजी ६ मिलिमीटर केली, तर ताठरपणा ५९ न्यूटनांवर जाईल. म्हणजे वाढ सुमारे ७३ टक्के होईल. हाताला एका मिलिमीटरचा फरक क्षुल्लक वाटतो. कमानीला तो तसा नसतो.

हाच नियम उलट दिशेनेही लागू पडतो. सांताक्रूझ येथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि मढ, मार्वे, गोराई या बाजूंना हवेत खारटपणा असतो. पाट्यांच्या फटींत साचलेल्या ओलाव्याने पोलाद गंजते. ५ मिलिमीटरचे सर्व पाटे झिजून साडेचार मिलिमीटर उरले, तर ताठरपणा सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. गंजामुळे पाट्यांतील घर्षण मात्र वाढते. त्यामुळे लहान खळग्यात कमान हलतच नाही, आणि मोठ्या खळग्यात एकदम दबते. चालकाला गाडी ‘कडक’ वाटते, आणि वस्तुतः कमान दुबळी झालेली असते. केवळ बसण्याच्या अनुभवावरून निदान करणे म्हणूनच फसवे ठरते.

भार प्रथम मोजावा

कमानीची निवड भारावरून व्हावयास हवी, आणि भार अंदाजाने ठरवू नये. वजनकाट्यावर फक्त पुढची चाके उभी करून वजन घ्यावे. ते ८५० किलोग्रॅम भरले, आणि आस, चाके व ब्रेक यांचे मिळून १५० किलोग्रॅम मानले, तर कमानींवर येणारा भार ७०० किलोग्रॅम, म्हणजे प्रत्येक बाजूस ३५० किलोग्रॅम होईल. वरील ३४ न्यूटनांची कमान या भाराखाली सुमारे १०० मिलिमीटर दबेल, आणि गाडीचे नाक सेकंदाला सुमारे दीड वेळा आंदोलन करील. जाड पाट्यांची कमान मात्र जेमतेम ५८ मिलिमीटर दबेल, आणि आंदोलने सेकंदाला दोनांवर जातील. पाठीचे हाल होतात ते वेगळेच. पण अधिक गंभीर गोष्ट अशी की, खडबडीत रस्त्यावर चाक क्षणोक्षणी जमीन सोडू लागते. जे चाक जमिनीवर नाही त्याला ब्रेकही लागत नाही आणि वळणही घेता येत नाही.

जुन्या सूचीपुस्तकातील कमान तशीच मागविणे हाही खात्रीचा मार्ग नव्हे. या घराण्यात आरंभी पेट्रोल इंजिने होती. पुढे ट्रॅक्टरच्या वंशातील डिझेल इंजिन आले, आणि १९८० च्या दशकात प्यूजोच्या परवान्याखालील डिझेल इंजिनही आले. पुष्कळ गाड्यांची इंजिने मालकांनीच मागाहून बदलून घेतली. नाकावरील भार त्यामुळे मूळचा राहिलेला नसतो. फॉरवर्ड कंट्रोल गाडीत तर चालकाची खोली व इंजिन ही दोन्ही पुढच्या आसाच्या आसपासच असल्याने, साध्या जीपची कमान तीत बसली तरी पुरेशी ठरेलच असे नाही.

डाव्या-उजव्या बाजूंचाही विचार करावा लागतो. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपमध्ये चालक डावीकडे, आणि इंधनाची टाकी त्याच्याच आसनाखाली होती. त्यामुळे पुढच्या दोन कमानी एकसारख्या नव्हत्या. भारतीय गाडीत चालक उजवीकडे बसतो. परदेशी जोडी डोळे मिटून लावल्यास गाडी एका बाजूस झुकण्याचा संभव असतो.

उंची आणि आसाचा कल

या जीपमध्ये पुढच्या कमानीचे मागचे टोक सांगाड्याला पिनेने जखडलेले असते, आणि पुढचे टोक झुलत्या शॅकलला जोडलेले असते. सुकाणूच्या खुंट्याचा वरचा भाग किंचित मागे झुकलेला असतो. हा कल मूळ जीपमध्ये ३ अंशांचा ठरविलेला आहे, आणि वळण घेतल्यानंतर चाके आपोआप सरळ होतात ती त्याच्यामुळे. आता गाडी उंच करण्यासाठी मूळच्यापेक्षा २५ मिलिमीटर लांब शॅकल लावला, तर सुमारे ९०० मिलिमीटर लांबीची कमान सांगाड्याच्या संदर्भात दीड अंशाहून थोडी अधिक पुढे कलते. गाडीचे नाक वर उचलले गेल्याने यातील अल्प भाग भरून निघतो. तरी एकूण सव्वा अंशाच्या आसपास तोटा उरतोच. तीनांपैकी सव्वा अंश गेल्यावर गाडी महामार्गावर भरकटू लागते, आणि एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाके थरथरू लागतात. आस व कमान यांच्यामध्ये योग्य कोनाची पोलादी पाचर घालून हा कल परत मिळविता येतो. परंतु उंची वाढविणाऱ्यांपैकी थोडेच जण कोन मोजून पाहतात.

याउलट, चाके थरथरण्याचे कारण कमानीत नसून खुंट्याच्या झिजलेल्या बेअरिंगांत किंवा टायरॉडच्या ढिल्या टोकांत असण्याचाही संभव असतो. ते न तपासता कमान बदलणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे.

सोबतचे भाग

जुन्या जीपचे शॅकल इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे असून त्यांवर आटे असतात, आणि त्यांत डाव्या व उजव्या आट्यांचे असे दोन प्रकार असतात. डाव्या आट्यांच्या शॅकलवर ओळखीसाठी लहानसा उंचवटा असतो, तर त्याच्या बुशाच्या माथ्यावर खाच असते. चुकीचा प्रकार जबरीने बसविल्यास आटे कायमचे बिघडतात. नंतरच्या गाड्यांत रबरी बुश आले. त्यांना वंगण लागत नाही, पण त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून मगच घट्ट आवळावयाचे असतात. गाडी उचललेल्या स्थितीत आवळल्यास रबर सतत पिळलेले राहून लवकर फाटते.

शॉक ॲब्सॉर्बर गाडीचे वजन पेलत नाही. कमानीच्या आंदोलनातील शक्ती शोषून घेणे एवढेच त्याचे काम. म्हणून बसलेले नाक त्याच्यायोगे वर येईल ही अपेक्षा व्यर्थ होय. त्याची लांबी मात्र नव्या कमानीशी जुळावयास हवी. चाक पूर्ण लोंबकळत असता तो ताणला जाऊन तुटता कामा नये, आणि चाक पूर्ण वर दबले असता तो तळाशी आपटता कामा नये. ब्रेकच्या रबरी नळीचीही हीच कसोटी घ्यावी. यू-बोल्ट एकदा ताणले गेलेले असल्याने ते नवेच घ्यावेत, आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत.

पर्यायांचा विचार

कुर्ल्याच्या भंगारबाजारात जुन्या कमानी मिळतात. पण पोलादाचा थकवा डोळ्यांना दिसत नाही, आणि सूक्ष्म भेग गंजाखाली दडलेली असते. जुने पाटे ठोकून पुन्हा वाकविले तर काही काळ उंची मिळते; योग्य उष्णोपचार झाला नसेल तर ती टिकत नाही, आणि थकवा तर जातच नाही. म्हणून कमानींसाठी असलेल्या सिलिकॉन-मँगनीज पोलादाची, मोजलेल्या भारास अनुरूप अशी नवी जोडी, दोन्ही बाजूंस एकाच वेळी बदलणे हा मार्ग श्रेयस्कर ठरतो. मागणी नोंदविताना डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी, रुंदी, प्रत्येक पाट्याची जाडी, मधल्या बोल्टाचे दोन्ही डोळ्यांपासूनचे अंतर आणि डोळ्याचा व्यास ही मापे लिहून द्यावीत. मधला बोल्ट नेमका मध्यावर असेलच असे गृहीत धरू नये. त्यात चूक झाल्यास आस मागेपुढे सरकतो. उंची मुद्दाम वाढविण्याचा विचार असल्यास, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेतील फेरफारांवर बंधन घालते, हेही ध्यानात ठेवणे इष्ट होय.

या सर्व विवेचनाचे सार असे की, जुन्या गाडीसाठी सर्वांत मजबूत भाग शोधावयाचा नसून, भार, ताठरपणा आणि आसाचा कल यांच्यातील बिघडलेला मेळ पुन्हा जुळवून आणावयाचा असतो. त्यासाठी लागणारी साधने साधी आहेत : एक वजनकाटा, एक मोजपट्टी व एक कोनमापक. ती हाती घेण्यापूर्वी केलेली खरेदी ही निवड नसून केवळ अंदाज होय. आणि पावसाळी रात्री, घोडबंदरच्या उतारावर, भरलेल्या गाडीत त्या अंदाजाची किंमत चालकाला मोजावी लागते.