सही कुणाची, हात कुणाचा?

चित्राखाली उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने केलेली एक बारीकशी सही असते. तिच्यासाठी लोक हजारो रुपये मोजतात, परदेशात तर हजारो डॉलर. तुम्ही म्हणाल, आम्हा घरसंसारवाल्या बायकांना काय करायच्यात या उठाठेवी? पण मैत्रिणींनो, आता कुणाची बहीण परदेशात, कुणाचा मुलगा. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला कुणी ‘दालीचं सही केलेलं एचिंग’ भेट पाठवतं, कुणाला विक्रेता ‘सोन्यासारखी गुंतवणूक आहे’ म्हणून गळ्यात मारतो. सोनं घेताना आपण हॉलमार्क बघतो, मजुरी-घट विचारतो, चार पेढ्या पालथ्या घालतो. चित्र घेताना मात्र सही दिसली की आपण गप्प बसतो. मी शाळेत अर्धवेळ चित्रकला शिकवते, त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे येतात, आणि हल्ली जरा जास्तच येऊ लागले आहेत.

आधी एचिंग म्हणजे काय ते बघू. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात कढी राहिली तर ती कळकते, हे आपल्याला आजीने शिकवलेलं आहे. आंबट पदार्थ धातूला खातो. एचिंगचं सगळं मर्म एवढंच! तांब्याच्या किंवा जस्ताच्या गुळगुळीत पत्र्यावर मेणाचा थर देतात. त्यावर चित्रकार सुईने रेघा ओढतो. सुई जिथे फिरली तिथलं मेण निघतं आणि पत्रा उघडा पडतो. मग तो तेजाबात ठेवायचा. तेजाब उघड्या रेघा खातं, मेणाखालचा भाग शाबूत राहतो. जितका वेळ जास्त तितकी रेघ खोल, आणि छापल्यावर तितकी काळी. मेण काढून रेघांमध्ये शाई भरायची, वरची शाई जाळीदार कापडाने पुसून घ्यायची, ओलसर जाड कागद ठेवायचा आणि सगळं दोन रुळांमधून दाबून काढायचं. चित्र उलटं उमटतं, आणि भोवती पत्र्याच्या कडांचा दबलेला चौकोन राहतो. दुसरी प्रत हवी? पुन्हा शाई, पुन्हा पुसणं, पुन्हा दाब. शंभर पुरणपोळ्या लाटण्यापेक्षा हे काम सोपं नाही.

दाबाने पत्र्यावरच्या रेघा हळूहळू झिजतात, म्हणून प्रती मोजक्याच काढतात. अर्थात मोजक्या असल्या की भावही चढतो, हेही खरंच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिस्लरसारख्या चित्रकारांनी पेन्सिलीने सही करण्याची रीत रुळवली. डाव्या बाजूला २३/७५ असं लिहिलेलं असतं, म्हणजे पंचाहत्तरांतली तेविसावी प्रत. काही जणी पहिल्या नंबरासाठी हट्ट धरतात. त्यात फारसा अर्थ नाही, कारण नंबर छपाईच्या क्रमानेच घातले असतील असं नाही. शिवाय ‘ई. ए.’ म्हणजे चित्रकाराच्या स्वतःच्या प्रती आणि ‘एच. सी.’ म्हणजे विक्रीसाठी नसलेल्या प्रती, अशाही असतात. मुळात विक्रीसाठी नसलेल्या प्रती बाजारात इतक्या कशा मिळतात, हे कोडं मात्र मला अजून उलगडलेलं नाही!

आता मुख्य मुद्दा. पत्र्यावर सुई कुणी फिरवली? पिकासोने १९३० ते १९३७ या काळात व्होलार नावाच्या विक्रेत्यासाठी शंभर चित्रं केली. त्या पत्र्यांवर हात पिकासोचा स्वतःचा. पण पुष्कळदा असं होतं की बड्या चित्रकाराचं रेखाचित्र किंवा रंगचित्र समोर ठेवून पत्रा कुणी दुसराच कारागीर कोरतो. चित्रकार फार तर खाली सही करतो. अशा चित्राला इंग्रजीत ‘आफ्टर’ अमुक म्हणतात, फ्रेंचमध्ये ‘दाप्रे’. आपण ‘अमुकच्या चित्रावरून’ म्हणू. हा एवढासा शब्द यादीत बारीक अक्षरात असतो, आणि सगळी किंमत त्यावर फिरते.

‘वरून’ केलेलं म्हणजे खोटं, असं मात्र मुळीच नाही. आपल्या आजीच्या देवघरातली राजा रविवर्म्याची लक्ष्मी आठवा. १८९४ साली मुंबईत त्यांचा छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे दगडांवर चित्रं उतरवायचं काम कारागीर करत. ती चित्रं घराघरांत गेली आणि कुणीही फसलं नाही, कारण ‘ही रविवर्म्याच्या हातची’ असं सांगून कुणी विकली नव्हती. फ्रान्समध्ये जाक व्हियों हा स्वतः उत्तम चित्रकार. पोटासाठी त्याने १९२० च्या दशकात मातीस, पिकासो वगैरेंच्या चित्रांवरून रंगीत पत्रे कोरले. काय सुरेख काम आहे त्याचं! त्याचं नाव चित्राखाली असलं तर ते कमीपणाचं नाही, उलट तेच बघून घ्यावं.

खरा घोळ झाला तो साल्वादोर दालीच्या बाबतीत. वितळलेली घड्याळं काढणारा, टोकदार मिशांचा तो स्पॅनिश चित्रकार. आपल्या एअर इंडियाने १९६७ साली त्याच्याकडून रक्षापात्राची कल्पना करून घेतली होती. त्यात सरळ बघितलं तर हंस आणि उलटं केलं तर हत्ती दिसतो, आणि मोबदल्यात दालीने चक्क हत्तीचं पिल्लू मागितलं, ते विमानाने स्पेनला पोचवलंही! त्याने दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’साठी शंभर जलरंगचित्रं काढली. त्यांवरून फ्रान्समधल्या कारागिरांनी लाकडी ठसे कोरले. एकेका चित्राच्या एकेका रंगाला वेगळा ठसा, असे तीन हजारांवर ठसे झाले. दालीने ते कोरले नाहीत, पण कामात त्याची संमती होती. हे सरळ काम.

पुढे पैशाचा मोह झाला. दाली कोऱ्या कागदांवर सह्या करू लागला. आधी सही, चित्र मागाहून! १९७४ साली आंडोराच्या सीमेवर फ्रेंच कस्टम्सला एका गाडीत दालीच्या सहीचे चाळीस हजार कोरे कागद सापडले. त्या कागदांवर पुढे काय छापलं जाईल हे दालीलाही ठाऊक नसणार. मग खोट्या सह्या करणाऱ्यांचंही फावलं. १९९० साली होनोलुलूच्या एका गॅलरीच्या चालकांना दालीच्या नावावर केलेल्या फसवणुकीबद्दल न्यायालयाने दोषी ठरवलं.

माझी न्यू जर्सीतली मावसबहीण यातच सापडली. वीस वर्षांपूर्वी, दुकानात आठ-आठ तास उभं राहून आणि मैत्रिणींबरोबर भिशी लावून साठवलेले सत्तावीसशे डॉलर तिने बोटीवरच्या एका लिलावात दालीच्या सहीच्या एचिंगला दिले. सोबत सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र होतं. आता मुलीच्या कॉलेजच्या फीला हातभार म्हणून विकायला काढलं, तर तिथल्या तपासनीसाने ‘आफ्टर दाली, सही संशयास्पद’ असा शेरा मारून दीडशे डॉलर सांगितले. रात्री तिचा फोन. “अगं, ‘आफ्टर’ म्हणजे दाली गेल्यानंतरचं का गं?” मी म्हटलं, “नाही ताई, दालीच्या चित्रावरून दुसऱ्याने केलेलं.” ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “यांना अजून सांगितलं नाही. ते तेव्हाच नको म्हणत होते.”

तिला मी जे विचारलं तेच तुम्हालाही सांगते. पहिली गोष्ट भिंग. चित्रावर धरा. वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे ओळीने ठिपके दिसले तर तो फोटोवरून यंत्राने छापलेला कागद आहे, एचिंग नव्हे. एचिंगची रेघ बोटाला किंचित उठावदार लागते (पण विक्रेत्याला विचारल्याशिवाय बोट लावू नका हं), आणि पत्र्याचा दबलेला चौकोन दिसतो. मात्र हा चौकोन नुसत्या छापील कागदावरही मुद्दाम दाबून उठवतात, म्हणून तेवढ्यावर भुलू नये.

मग कागद उजेडापुढे धरून बघायचा. चांगल्या कागदात जलचिन्ह असतं. फ्रान्सचे आर्श आणि रीव हे कागद या कामात नेहमीचे. १९८० पासून त्यांच्या जलचिन्हात अनंताची खूण, म्हणजे आडव्या पडलेल्या इंग्रजी आठासारखी, आली. त्याच सुमारास दालीचा हात कापू लागला होता आणि सह्या करणं थांबलं होतं. तेव्हा ती खूण असलेल्या कागदावर दालीची सही दिसली तर ती त्याची नव्हे, हे एखाद्या कॉलेजकन्येलाही सांगता येईल. ताईच्या कागदावर ती खूण निघाली.

प्रमाणपत्र कुणी दिलंय ते बघा. विकणाऱ्यानेच दिलं असेल तर ते दूधवाल्याने ‘माझ्या दुधात पाणी नाही’ असं लिहून दिल्यासारखं. मोठ्या चित्रकारांच्या छापचित्रांच्या सविस्तर सूची असतात. दालीची आल्बर्ट फील्डने केलेली १९९६ ची सूची आहे. विक्रेत्याला सूचीतला क्रमांक विचारा, पत्रा कुणी कोरला आणि कुणी छापला ते विचारा, आणि हे सगळं पावतीवर लिहून मागा. तो आढेवेढे घेऊ लागला तर पर्स बंद करा. आपल्याला कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करता येते, इथेच का लाजायचं?

आणि चित्र खरंच आवडलं असेल तर? दान्ते मालिकेतलं एखादं बिनसहीचं पान ‘दालीच्या चित्रावरून’ अशा स्पष्ट नोंदीसह आणि त्या मानाच्या किमतीत मिळालं, तर मी खुशाल घेईन. त्याहून बरं वाटेल ते आपल्याकडच्या एखाद्या तरुण चित्रकाराचं वा चित्रकर्तीचं, तिने स्वतः कोरलेलं एचिंग. तिच्या कार्यशाळेत जा, पत्रा दाखव म्हणा. शाईने काळे झालेले हात बघितले की किमतीबद्दल शंका राहत नाही.

घरी आणल्यावर मात्र एक करा. फ्रेममध्ये बसावं म्हणून फ्रेमवाला भोवतीचा पांढरा कागद कापायला निघतो, त्याला कापू देऊ नका. समास गेला की किंमत गेली. पाठीमागून गोंदाने पुठ्ठ्यावर चिकटवू देऊ नका. काच चित्राला टेकू नये म्हणून मध्ये आम्लविरहित पुठ्ठ्याची चौकट घालायला सांगा. ऊन येणाऱ्या किंवा पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर लावू नका, आणि फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे दोन तुकडे लावा, म्हणजे हवा खेळती राहील. दिवाळीची साफसफाई करताना फ्रेम उतरवून मागून बघायची, कसर लागली नाही ना!