विहिरींच्या पाण्यातील ऋतुमानानुसार होणारे रासायनिक बदल (वर्धा जिल्हा)

पर्जन्य, तापमान व बाष्पीभवन यांतील ऋतुपरत्वे होणाऱ्या फेरफारांमुळे विहिरीच्या पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण बदलते. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्ट खडकाचा असून त्यावर कापसाची काळी जमीन आहे. भूजल या खडकाच्या झिजलेल्या थरात व भेगांत साठते. वार्षिक पर्जन्यमान १,००० मिमी.च्या आसपास असून बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. मे महिन्यात कमाल तापमान ४५° से.पर्यंत व क्वचित त्याहूनही वर जाते.

उन्हाळा : पाण्याची पातळी खालावते व बाष्पीभवनामुळे क्लोराइडे, सोडियम इ. घटकांची संहती वाढते. कार्बन डाय-ऑक्साइड निघून गेल्यास कॅल्शियम कार्बोनेटाचा साका बसतो. कठीण पाण्यात साबणाला फेस येत नाही व डाळ लवकर शिजत नाही.

पावसाळा : उन्हाळ्यात काळ्या जमिनीला खोल भेगा पडतात. पहिल्या पावसाचे पाणी त्यांतून थेट खाली उतरते आणि पृष्ठभागावरील लवणे, तसेच शेण, उकिरडे व खते यांपासून झालेली नायट्रेटे बरोबर नेते. त्यामुळे पाणी वाढत असतानाही नायट्रेटाचे प्रमाण काही काळ वाढू शकते. पुढे चिकणमाती फुगून भेगा मिटतात, झिरपणे मंदावते व भूजल विरल होते. मात्र मृदेतील कार्बन डाय-ऑक्साइड विरघळून झालेले कार्बॉनिक अम्ल बेसाल्टातील खनिजांवर क्रिया करते व कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि सिलिका पाण्यात येतात. म्हणून पावसाळ्यानंतरही कठिनता नाहीशी होत नाही.

हिवाळा : रब्बीच्या ओलिताचे पाणी परत झिरपताना जमिनीतील लवणे व खतांचे अवशेष पुन्हा विहिरीकडे आणते.

थंड प्रदेशांतील पीट दलदलींतही उन्हाळ्यात पातळी उतरल्यावर हवा आत शिरते, गंधकाच्या संयुगांचे ऑक्सिडीकरण होते आणि तयार झालेले सल्फेट व अम्ल पुढील पावसाने वाहून येते. केवळ पावसावर पोसलेल्या दलदलींत अम्लाचे उदासिनीकरण करणारी खनिजे फारशी नसल्याने पाण्याचे पीएच मूल्य ४ च्या आसपास असते. बेसाल्टातील पाणी मात्र बायकार्बोनेटांमुळे सामान्यतः उदासीन ते किंचित क्षारधर्मी राहते.

आरोग्यदृष्ट्या नायट्रेट विशेष महत्त्वाचे आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा दर लिटरला ४५ मिग्रॅ. आहे. अधिक नायट्रेटाचे पाणी दुधात मिसळून पाजल्यास सहा महिन्यांखालील अर्भकाच्या रक्तातील हीमोग्लोबिनाचे मेथेमोग्लोबिन होते, रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटते व त्वचा निळसर पडते. हंटर कॉम्ली यांनी १९४५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात विहिरीच्या पाण्याशी या विकाराचा संबंध दाखविला. उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याची संहती वाढते. विरंजक चूर्णानेही ते निघत नाही.

यावरून एकाच नमुन्यावरून विहिरीविषयी निर्णय देणे योग्य नाही, हे स्पष्ट होते. मे महिन्यात, पाऊस सुरू झाल्यानंतर थोड्याच दिवसांत आणि पावसाळा संपल्यावर असे निदान तीन नमुने तपासणे इष्ट असते. विहिरीभोवती पक्का ओटा बांधणे, उकिरडे व शौचखड्डे दूर आणि उताराच्या बाजूस ठेवणे, नत्रयुक्त खते हप्त्याहप्त्याने देणे या उपायांनी पहिल्या पावसाबरोबर येणारे प्रदूषण कमी करता येते.