चंद्रकोर महिन्याची, नाव बारा महिन्यांचे

असरची नमाज आटोपली की रमजानचा बाजार भरू लागतो. मुंबईचा मोहम्मद अली रोड असो, सोलापूरच्या विजापूर वेशीतला मीना बाजार असो की नागपूरचा मोमीनपुरा, खजूर, शेवया, फेण्या, नानखटाई, सरबते आणि अत्तरे यांच्या गाड्या एकमेकींना खेटून उभ्या राहतात. खरेदीला रोजेदार येतात, तशी मालपुव्यासाठी दरवर्षी न चुकता वाट वाकडी करणारी इतर धर्मांची कुटुंबेही येतात. या गर्दीत दरवर्षी काही नवे विक्रेते उतरतात. कुणी घरच्या घरी शीरखुर्म्याचा सुकामेवा निवडून पाकिटे भरते, कुणी बेकरीच्या भट्टीतून नानखटाई भाजून आणते. अनेकांच्या हाताला चव असते. खरी अडचण ईदनंतर सुरू होते. गिऱ्हाईकाला चव आठवते, पण नाव आठवत नाही.

समजा, एक गृहिणी नानखटाई विकते. डब्यावरच्या स्टिकरवर नाव आहे ‘ज़ायका’. गाडीवरच्या फ्लेक्सवर पेंटरने लिहिले ‘जायका’. मोबाइलवर नाव दिसते ‘झायका होम फूड्स’. पहिल्या वर्षी स्टिकर हिरवे होते, दुसऱ्या वर्षी छापखान्यात लाल कागद शिल्लक होता म्हणून लाल झाले, तिसऱ्या वर्षी भाच्याने हौसेने सोनेरी करून दिले. चव तिन्ही वर्षे तीच. पण दिवाळीच्या तोंडावर कुणाला दोन किलो नानखटाई हवी झाली, तर तो फोनमध्ये ‘ज’ खाली शोधतो, सापडत नाही, आणि दुसरीकडे मागणी देऊन मोकळा होतो. गेलेली ही ऑर्डर त्या गृहिणीला कधी कळतही नाही. एका महिन्याच्या कमाईवर मुलांची फी आणि घरभाडे अवलंबून असेल, तर हे नुकसान छोटे नाही.

लाल सरबताचा धडा

इफ्तारच्या दस्तरखानावरचे सर्वांत ओळखीचे लेबल रूह अफजाचे. हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी १९०६ मध्ये दिल्लीत हमदर्द दवाखाना सुरू केला आणि १९०७ मध्ये हे सरबत आणले. १९१० मध्ये मिर्झा नूर अहमद या चित्रकाराने त्याचे फळाफुलांचे लेबल तयार केले, ते मुंबईत छापून घेतले गेले. पुढे फाळणी झाली, काचेची बाटली जाऊन प्लास्टिकची आली, तरी फळे-फुले आणि लाल रंग टिकून राहिले. वाचता न येणारे मूलही दुकानात त्या बाटलीकडे बोट दाखवते.

या ओळखीची किंमत न्यायालयातही दिसली. ‘दिल अफजा’ नावाच्या सरबताविरुद्ध हमदर्द दिल्ली उच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०२२ मध्ये खंडपीठाने ते नाव सरबतासाठी वापरण्यास अंतरिम मनाई केली. एकच नाव आणि एकच रूप वर्षानुवर्षे राखले होते, म्हणून ते आपले आहे असे सांगता आले. दरवर्षी रूप बदलणाऱ्याला हे सांगणे अवघड जाते.

छोट्या विक्रेत्याला वाटते, हे मोठ्यांचे खेळ, आपल्याकडे पैसा कुठे? पण वर्षानुवर्षे तेच ठेवायला पैसा लागत नाही, बदलायला लागतो. नवे डिझाइन, नवी छपाई, नवा फ्लेक्स हा खर्च मोह आवरला नाही म्हणून होतो. सहेरीची वेळ संपली की घास तोंडाशी असला तरी हात थांबतो. धंद्याच्या नावाबाबत तेवढी शिस्त पुरेशी आहे.

एक कागद, कपाटाच्या दाराला

सुरुवात एका कागदावर करता येते. त्यावर पाच गोष्टी लिहायच्या. नाव कोणत्या लिपीत नेमके कसे लिहायचे, नुक्ता द्यायचा की नाही. मुख्य रंग कोणता. अक्षराचे वळण, म्हणजे फॉन्ट कोणता. संपर्काचा एकच मोबाइल क्रमांक. आणि काय विकतो ते सांगणारी एक ओळ. हा कागद कपाटाच्या दाराला चिकटवायचा, आणि पेंटर, छापखाना, मोबाइल हाताळणारा भाचा या सगळ्यांना त्याचाच फोटो द्यायचा.

देवनागरीतले नाव आधी पक्के करणे महाराष्ट्रात विशेष गरजेचे आहे. २०२२ च्या कायदा दुरुस्तीनंतर राज्यात लहान दुकानांनाही पाटीवर मराठी नाव देवनागरीत लिहावे लागते, आणि ती अक्षरे इतर लिपींतील अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. म्हणून उर्दूतले किंवा इंग्रजीतले नाव मराठीत कसे उतरवायचे, हे पेंटरच्या मर्जीवर सोडू नये. फॉन्टसाठीही पैसे मोजावे लागत नाहीत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात आणि व्यवसायासाठी वापरता येतात.

एका शाईची करामत

रंगीत डबा छापण्याचा मोह सर्वांत महाग पडतो. ऑफसेट छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट लागते. प्लेटचा आणि मशीन लावण्याचा खर्च पाचशे प्रतींना जेवढा, जवळपास तेवढाच पाच हजारांना. मग ‘नगाला स्वस्त पडते’ म्हणून पाच हजार डबे छापले जातात, आणि अर्धे माळ्यावर धूळ खातात.

त्यापेक्षा साधे खाकी किंवा पांढरे डबे आणावेत आणि सगळ्या पदार्थांसाठी एकच लेबल एका शाईत छापावे. कागद रंगीत घेतला की दुसरा रंग फुकट मिळतो. पिवळ्या कागदावर गडद तपकिरी शाई चार रंगांच्या गर्दीत लांबून ओळखू येते. लेबलवर पदार्थाच्या नावाची जागा कोरी ठेवायची आणि तिथे रबरी शिक्का मारायचा: नानखटाई, शेवया, खजूर. नवा पदार्थ आला तर नवा शिक्का करायचा, लेबल तेच राहते. तुपाने शाई पसरते, म्हणून शिक्का पाकिटावर न मारता लेबलच्या कागदावर मारून सुकू द्यावा.

कायद्याने लागणारा मजकूर याच लेबलवर कायमच्या जागी बसवता येतो. घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही अन्नसुरक्षा नोंदणी लागते. तिचा चौदा अंकी क्रमांक, शाकाहारी पदार्थाचे हिरवे चिन्ह, घटक, निव्वळ वजन, किंमत, तारीख हे सगळे दरवेळी त्याच जागी दिसले की गिऱ्हाईकाचा विश्वास बसतो.

चंद्रकोर लेबलवर नको

रमजानात प्रत्येक गाडीवर चंद्रकोर, मिनार, हिरवा आणि सोनेरी रंग असतो. त्यामुळे त्यांतली एकही गाडी वेगळी दिसत नाही. शिवाय असे डबे ईदनंतर निरुपयोगी होतात. नानखटाई तर दिवाळीतही खपते आणि नाताळातही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. ज्याने डब्यावर ‘उन्हाळा स्पेशल’ किंवा वर्षाचा आकडा छापला, त्याचा माल लवकरच शिळा दिसू लागतो.

मूळ लेबल बारा महिन्यांचे असावे आणि सण कागदाच्या पट्टीवर यावा. डब्याभोवती गुंडाळायची बोटभर रुंद पट्टी: आता ‘ईद मुबारक’, पुढे ‘शुभ दीपावली’. पट्टी थोडीच छापायची, उरली तरी दुःख नाही. पट्टीखालचे नाव मात्र तेच, कारण ईदला डबा भेट मिळालेल्या शेजाऱ्याला दिवाळीत तोच डबा शोधता आला पाहिजे.

मूळ फाइल कुणाकडे?

बहुतेक छोट्या धंद्यांचे चिन्ह छापखानेवाल्याच्या संगणकात असते. तो संगणक बिघडला किंवा छापखाना बदलला की जुन्या स्टिकरचा फोटो काढून त्यावरून नवे चिन्ह बनवले जाते, आणि दर नकलेत ते थोडे बिघडते. पहिल्याच कामात मूळ कोरल फाइल आणि पीडीएफ मागून घ्यावी आणि दोन ठिकाणी साठवावी. व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, नाहीतर ती दाबली जाऊन अक्षरे पुसट होतात. मोबाइलवर दिसणारा रंग कागदावर आणि फ्लेक्सवर वेगळा उतरतो, म्हणून पसंत पडलेला छापील नमुना जपून ठेवावा आणि पुढच्या वेळी तोच समोर धरून रंग जुळवून घ्यावा. पदार्थांचे फोटोही एकाच खिडकीजवळ, एकाच कापडावर काढले तर स्टेटसवर नाव वाचण्याआधीच ओळख पटते.

दोन-तीन हंगाम एकच नाव टिकले की ट्रेडमार्कचा विचार करावा. ऑनलाइन अर्जाला व्यक्ती आणि लघुउद्योगांसाठी एका वर्गाचे सरकारी शुल्क ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. बेकरीचे पदार्थ ३० व्या वर्गात येतात, सरबते ३२ व्या. आपण निवडलेले नाव आधीच कुणाचे आहे का, हे ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. ते पाहणे पहिला शिक्का बनवण्याआधी झाले तर उत्तम.

एवढे करूनही लेबल फक्त शब्द देते, तो पाळायचा असतो डब्यातल्या मालाने. कुरआनातील ८३ वी सूरह, ‘अल-मुतफ्फिफीन’, मापात खोट करणाऱ्यांविषयी आहे, आणि ‘मापात पाप’ हा शब्द मराठीतही जुनाच आहे. पाव किलोच्या पाकिटात दरवेळी पाव किलोच भरले, तूप महागले म्हणून गुपचूप वनस्पती घातले नाही, तरच तेच नाव पुन्हा छापण्याला अर्थ राहतो. माल बदलला आणि लेबल तेच राहिले, तर लोक ते नावही लक्षात ठेवतात, पुन्हा न घेण्यासाठी.

ईदची धावपळ सरली की एक दिवस यासाठी काढता येतो. उरलेले डबे मोजावेत, कोणता शिक्का झिजला ते पाहावे, नियमित गिऱ्हाईकांचे क्रमांक एका वहीत उतरवावेत आणि कपाटाच्या दारावरचा कागद पुन्हा वाचावा. त्यात काही बदलावेसे वाटलेच, तर आधी चार गिऱ्हाइकांना विचारावे की त्यांना आपले नाव कसे आठवते. त्यांना जे आठवते, त्याला हात लावू नये.