खड्डा बुजविण्यापूर्वी

या व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर आणि राजकारणावर बोलणारे विद्वान पुष्कळ येतात. आम्ही मात्र आज एका खड्ड्याविषयी बोलणार आहोत. पेट्रोलपंपावर नळी धरलेला माणूस आपणांस दिसतो. पण ते तेल ज्या टाकीतून वर येते ती आपल्या पायांखाली असते, आणि ती तेथे बसविणारी माणसे केव्हाच दुसऱ्या कामावर गेलेली असतात. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या बैठकींत. तेव्हा पांडित्याची अपेक्षा कोणी ठेवू नये.

१९९७ च्या जूनमधील गोष्ट. एका पंपाच्या कामावर २० हजार लिटरची पोलादी टाकी संध्याकाळी खड्ड्यात उतरविली. तिला आवळून धरणारे पट्टे आले नव्हते. ‘उद्या बांधू’ म्हणून मुकादमाने काम बंद केले. रात्री मृगाचा पाऊस कोसळला. सकाळी पाहतो तो टाकी खड्ड्यातल्या पाण्यावर तिरपी तरंगत होती. ठेकेदाराने हलगर्जीपणाचा ठपका ठेवून सहा मजुरांची तीन दिवसांची मजुरी कापली. आम्ही भांडायला गेलो खरे. पण टाकी वर का आली, हे आम्हांलाच सांगता येईना! वाचनालयात पदार्थविज्ञानाचे पुस्तक काढले, तेव्हा उलगडा झाला.

बुडालेली वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर ढकलतो, हा आर्किमिडीजचा नियम. २० हजार लिटर पाण्याचे वजन २० टन. रिकाम्या टाकीचे वजन त्याच्या पावपटही नसते. मग ती खाली राहील कशी? पेट्रोल भरले तरी भीती सरत नाही. पेट्रोल पाण्याहून हलके, तेवढ्याच लिटरांचे वजन सुमारे १५ टन भरते. म्हणून तळाशी काँक्रीटची जाड बैठक, तिच्यात रोवलेले बोल्ट आणि टाकीवरून आवळलेले पट्टे हवेत. पट्टे येईपर्यंत पावसाचा संभव असेल, तर टाकीतच पाणी भरून ठेवावे. हा हिशेब कागदावर मांडून आम्ही पुन्हा गेलो आणि मजुरी परत मिळविली. दोष मजुरांचा नव्हता, न आलेल्या पट्ट्यांचा होता.

टाकी तरंगली तर पैसा बुडतो. खड्ड्याची भिंत खचली तर माणूस जातो. एक घनमीटर माती दीड ते दोन टनांची असते. ती छातीवर आली की श्वास घेता येत नाही, मग डोके उघडे का असेना. म्हणून दीड मीटरहून खोल खड्ड्याच्या भिंतींना फळ्यांचा आधार द्यावा, किंवा बाजू उतरत्या खणाव्यात. उपसलेली माती काठावर रचू नये, क्रेन काठाशी उभी करू नये. टाकी हवेत असताना तिच्याखाली कोणीही नसावे.

तिसरा धोका सावकाश येतो. पोलादाला मातीत गंज चढतो, टाकीला भोक पडते आणि तेल झिरपत विहिरीपर्यंत जाते. अमेरिकेत उघड्या पोलादाच्या जुन्या टाक्या अशाच गळू लागल्या. तेथे १९८४ साली कायदा झाला, १९८८ साली नियम आले आणि जुन्या टाक्या सुधारण्यास किंवा बंद करण्यास डिसेंबर १९९८ पर्यंत मुदत मिळाली. गळतीच्या नोंदी पाच लाखांवर गेल्या आहेत. उपाय अवघड नाहीत. माती लोटण्यापूर्वी नव्या टाकीत बेताच्या दाबाने हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा आला तर सांधा कच्चा. (ज्या टाकीत पूर्वी तेल होते तिच्यात मात्र हवा कधीही दाबू नये.) बाहेरच्या लेपावर ओरखडा दिसल्यास तो तेथेच दुरुस्त करावा. आपली काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून टाकीभोवती ती नको. गोड्या पाण्याची स्वच्छ वाळू थराथराने ठोकून भरावी. तीत दगड नको, आणि खारी वाळू तर नकोच. शिवाय टाकीला तारेने जस्ताचे किंवा मॅग्नेशियमचे तुकडे जोडतात. ते आधी झिजतात आणि पोलाद वाचते.

जुनी टाकी काढताना तर दुप्पट सावध राहावे. ‘रिकामी आहे’ या शब्दावर कोणी विसंबू नये. पेट्रोलची वाफ हवेहून जड. ती टाकीत आणि खड्ड्यात बसून राहते. हवेत ती शेकडा दीड ते साडेसात असली म्हणजे एक ठिणगी पुरते. वायू मोजल्याशिवाय आत उतरू नये. बाहेर दोर धरून एक माणूस उभा असावा, आणि आतला बेशुद्ध पडला तर त्याने मागोमाग उडी घेऊ नये. नाहीतर एकाच्या जागी दोघे जातात.

कायदा नाही असे नाही. १९३४ चा पेट्रोलियम कायदा आहे, त्याखाली नियम आहेत, परवाना देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्य कार्यालय तर आपल्या नागपुरातच आहे. पण परवाना कचेरीच्या भिंतीवर टांगलेला असतो आणि मजूर खड्ड्यात असतो. नुसता ‘सांभाळून कर’ असा हुकूम मिळालेला मजूर घाईच्या वेळी गप्प बसतो. कारण ठाऊक असलेला मजूर ‘थांबा’ म्हणतो.

म्हणून आमची मागणी लहानशी आहे. खड्डा बुजविण्यापूर्वी पट्टे, लेप आणि सांध्यांची परीक्षा ही तिन्ही कामे खाली राबणाऱ्यांना दाखवावीत व त्यांची कारणे मराठीत समजावून सांगावीत. अर्धा तास पुरे. एकदा माती पडली की चूक कोणालाच दिसत नाही. ती पुढे विहिरीच्या पाण्यात दिसते.