ज्वारीच्या मुलखात धान्याविना

परभणी जिल्ह्यात कुणी धान्य सोडलं म्हटलं की घरातल्यांचा पहिला प्रश्न असतो, 'मग भाकरीचं काय?' प्रश्न रास्त आहे. गोदावरीकाठच्या काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी पिढ्यान्‌पिढ्या पिकते. 1972 साली स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या वाणांची नावंच 'परभणी मोती', 'परभणी शक्ती' अशी आहेत. गंगाखेड तर जनाबाईंचं जन्मगाव, आणि जनाबाई म्हटलं की जातं आलंच. अशा ठिकाणी ताटातून भाकरी उचलायची म्हणजे निम्मं ताट रिकामं करण्यासारखं आहे.

तरी वजनासाठी, साखरेसाठी, कधी नुसते मोबाइलवरचे व्हिडिओ बघून धान्य बंद करणारे आता तालुक्याच्या गावीही भेटतात. काही दिवस नेटाने जातात आणि मग पौष येतो.

पौषात शेतावर हुरडा असतो. दाणा चिकात आला, दाबला की मऊ लागतो आणि अजून वाळायचा असतो, तेव्हाची ही ज्वारी. बांधाजवळ खड्डा करून आगटी पेटवतात, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजतात आणि गरम असतानाच तळहातावर चोळतात. फुंकर मारली की कोंडा उडतो, हातात हिरवे, धुरकट वासाचे दाणे उरतात. सोबत शेंगदाण्याची नाहीतर लसणाची चटणी, दही, गूळ. विद्यापीठाने खास हुरड्यासाठी 'परभणी वसंत' हा वाण काढला आहे. एवढं समोर असताना 'मी धान्य खात नाही' असं म्हणून बांधावर नुसतं बसून राहायला मोठा निग्रह लागतो. तो दाखवायची गरज आहे का, हे धान्य कशासाठी सोडलं त्यावर ठरतं.

सीलिअॅकचा आजार असलेल्याला गहू आणि जव यांतल्या ग्लुटेनचा त्रास होतो. त्याच्यासाठी 'कधीतरी एक घास' ही सवलतच नाही. सणाची पुरणपोळीसुद्धा नाही. पण ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणजे गव्हाचं पीठ मिसळलेलं नसेल तर भाकरी आणि हुरडा दोन्ही त्याला मोकळे. डॉक्टरांनी गहू बंद सांगितला आणि घरच्यांनी ज्वारीही बंद केली, तर उगाच उपासमार. मधुमेह्याचं गणित वेगळं. हुरडा कोवळा असला तरी त्यात पिष्ट आहे, साखर आहे. त्याने मूठ-दोन मूठ हुरडा दही आणि शेंगदाण्याच्या चटणीसोबत खावा, गुळाचा खडा शेजाऱ्याला द्यावा. निव्वळ वजनासाठी धान्य सोडलेल्याने तर एका दुपारच्या हुरड्याचा फार हिशेब ठेवूच नये.

खरी गफलत होते ती धान्याऐवजी काय खातो तिथे. मराठी घराला धान्याविना खाणं नवं नाही. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून परसातल्या भाज्या शिजतात. एकादशीला साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, रताळी. या यादीचं वनस्पतिशास्त्राशी फारसं जमत नाही. भगर ज्वारीसारखीच गवताच्या कुळातली, तरी उपवासाला चालते. ज्वारी चालत नाही. साबुदाणा तर टॅपिओकाच्या कंदाचा. हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं आणि आपल्याकडचा साबुदाणा बराचसा तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो. त्यात पिष्टाखेरीज जवळपास काही नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, साबुदाण्यात नावापुरती. म्हणून 'धान्य नको' म्हणत रोज खिचडी खाणारा भाकरी खाणाऱ्याहून तोट्यातच राहतो. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण काही उगाच पडलेली नाही. खिचडीत खरी सोय शेंगदाण्याच्या कुटाची. तो सढळ हाताने आणि साबुदाणा बेताने घातला तर महिन्या-दोन महिन्यांतून एखादी वाटी आनंदाने खावी. रोजच्याला राजगिरा बरा.

भगरीबद्दल मात्र जरा जपून. 2024च्या फेब्रुवारीत शेजारच्या नांदेड जिल्ह्यात कोष्टवाडीला आणि बुलढाण्यात सोमठाण्याला प्रसादाच्या जेवणातून मोठ्या संख्येने लोकांना विषबाधा झाली. ताटात भगर होती. भगर, आणि त्याहून जास्त तिचं पीठ, ओल धरतं आणि बुरशीला बळी पडतं. त्यामुळे सुटं, जुनं पीठ घेऊ नये. बंद पाकिटातली स्वच्छ भगर आणावी, तारीख बघावी, लागेल तेवढीच घरी दळावी आणि शिजवलेली त्याच दिवशी संपवावी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी धान्य एकदम सोडण्याआधी औषधाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी, नाहीतर साखर एकाएकी खाली जाते, आणि तेव्हा शेजाऱ्याला दिलेला तो गुळाचा खडा परत मागावा लागतो.